डिजिटल मीडियात मास्टर्स करायचंय, पोर्टफोलिओत फ्लेक्सचं काम दाखवू का?

गंगावेशीतला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, वय २६. उपयोजित कला घेऊन चार वर्षांचं बीएफए केलं आणि तेव्हापासून मामांच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून बसतोय. डिझायनर म्हणजे काय, तर वाढदिवसाचे फलक, दहावीच्या पोरांची अभिनंदनं, भावी नगरसेवक, लग्नपत्रिका, आणि आता पत्रिकेपेक्षा पत्रिकेचे व्हॉट्सअॅप व्हिडिओच जास्त. गणपतीत तर झोपच नसते, मंडळांना मिरवणुकीच्या एलईडी वॉलसाठी ग्राफिक्स लागतात. पैसे बरे मिळतात, मामा जीव लावतात, तक्रार काही नाही. पण रात्री अकराला माणूस येतो, 'दादांचा फोटो गेल्या वर्षीचाच राहू दे, फक्त वय बदल' म्हणतो, आणि मी वय बदलतो. हे अजून किती वर्षं करायचं?

मधल्या काळात यूट्यूबवर बघून प्रोसेसिंग आणि पी-फाइव्ह, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायची साधनं, शिकलो. आवाजावर हलणारी चित्रं, कॅमेऱ्यासमोर हात हलवला की ठिपके उडतात, असले प्रकार जमतात. तेव्हापासून डोक्यात घेतलंय की डिजिटल मीडियात रीतसर मास्टर्स करायचं. आता गोंधळ असा:

पवईच्या आयडीसीत (आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग) अॅनिमेशन आहे, इंटरॅक्शन डिझाइन आहे, कम्युनिकेशन डिझाइन आहे. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगरच्या आवारात न्यू मीडिया डिझाइन आहे. नावं वाचून मला चारही ठिकाणी आपलंच काम चालतंय असं वाटतं. कुठे अर्ज करू?

पोर्टफोलिओसाठी एक ऑनलाइन क्लास लावला होता. ते म्हणाले फ्लेक्स-बिक्स काही दाखवू नको, त्याने स्टँडर्ड खाली जातो. जेवण मागवायचं एखादं प्रसिद्ध अॅप घे, त्याचं रीडिझाइन कर, मेडिटेशनचं एक अॅप कर. दोन्ही केली. छान दिसतात, पण क्लासमधल्या सगळ्यांची तशीच दिसतात. माझं स्वतःचं म्हणावं असं म्हणजे मंडळांची ग्राफिक्स आणि गावच्या कुस्ती मैदानाला एकदा स्क्रीन केला होता तो. पण ते काय दाखवायचं.

आणखी एक. मावसभावाच्या ओळखीतला एक कन्सल्टंट म्हणतो, जर्मनीत डिजिटल मीडिया फुकट आहे, फक्त त्याची फी द्यायची. खरं आहे का? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं, बोलताना अडतं. घरी आईने मुली बघायला सुरुवात केली आहे, म्हणजे वेळही फार नाही.

बोरूबहाद्दर

बाकीचं जाणकार सांगतील. कुस्ती मैदानाला स्क्रीन म्हणजे काय केलं होतंस नक्की? ते एका ओळीत उडवलंस, मला तेच वाचायचं होतं.

गंगावेशीतला

फार काही नाही ओ. आमच्या आजोळी जत्रेला मैदान असतं. गर्दी एवढी की मागची माणसं पत्र्यांवर नाहीतर ट्रॉल्यांवर उभी. हलगी वाजत असते, भोंगा फाटलेला असतो, निवेदक काय बोलतो ते मागे पोचत नाही. आखाड्यात दोन पैलवान उतरले की मागे एकच विचारणा, कोण रं, कुठला रं, कितीची हाय. पुढे मात्र लोकांच्या हातात पोस्टर असतं, त्यावर मोठ्या कुस्त्या छापलेल्या. लहान कुस्त्या तर जागेवरच नेमतात, त्या कुठेच छापलेल्या नसतात.

एलईडी स्क्रीन कमिटीने आणलाच होता, देणगीदारांचे फोटो फिरवायला. मी म्हटलं त्यावर चालू कुस्ती दाखवू. मोबाइलवर एक गुगल शीट केलं: दोन्ही पैलवानांची नावं, तालीम, इनाम. लॅपटॉपवर पी-फाइव्हचं पान ते शीट वाचायचं आणि स्क्रीनवर टाकायचं. मी निवेदकाशेजारी बसलो. तो नाव पुकारायचा, मी शीटमध्ये भरायचो.

अडचणी बऱ्याच आल्या. पोस्टर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉण्टमध्ये केलेलं, त्यातली नावं शीटमध्ये चिकटवली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. सगळी परत टाइप केली. मग दुपारच्या उन्हात पांढऱ्यावर काहीच दिसेना, म्हणून काळ्यावर पिवळं केलं आणि तालमीचं नाव लहान करून पैलवानाचं दुप्पट मोठं. मग कमिटीचे अध्यक्ष आले, म्हणाले पैसे देणाऱ्यांचे फोटो कुठं गेले? मग अर्धा स्क्रीन फोटोंना गेला. अर्ध्यात दोन नावं बसेनात, तर एकाखाली एक घेतली, त्यावरून वाद, की वर कुणाचं आणि खाली कुणाचं. वस्तादच आले भांडायला. शेवटी दर दहा सेकंदांनी वरचं खाली, खालचं वर होईल असं केलं, मग मिटलं.

पण हे गावातलं काम झालं. ग्राफिक म्हणून बघायला गेलं तर अगदीच साधं आहे.

तिरकी_रेघ

अरे भावा, हे लपवून ठेवून तू जेवणाच्या अॅपला नवा रंग देत बसलास? मी मूळ सांगलीची, सीईईडी (डिझाइनच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) देऊन आयडीसीतून इंटरॅक्शन डिझाइन केलं, आता पुण्यात संग्रहालयांसाठी स्पर्शपडदे आणि तसली कामं करते. आमच्याकडे नोकरीला येणाऱ्या मुलांचे पोर्टफोलिओ मीच आधी बघते, म्हणून जरा अधिकाराने लिहिते.

तुझ्या त्या लांब प्रतिसादात काय काय आहे बघ. मागच्या माणसाला कळत नाही, ही गरज तू स्वतः पाहिलीस. ऊन, अंतर, हलगीचा आवाज, या अटी तिथल्याच. लिपीची तांत्रिक भानगड सोडवलीस. स्क्रीनचे पैसे देणाऱ्याचा आग्रह आणि बघणाऱ्याची सोय यात वाटाघाट केलीस. आणि वर नाव कुणाचं हा मानापानाचा प्रश्न दहा सेकंदांच्या अदलाबदलीने सोडवलास. हे शेवटचं मला फार आवडलं. आयडीसीत वर्गात आम्हाला असला प्रश्न मुद्दाम रचून द्यायचे, तुझ्यासमोर तो वस्ताद होऊन भांडायला आला. ग्राफिक साधं आहे म्हणतोस, पण मैदानात शेवटच्या ट्रॉलीवरून वाचायचं ते साधंच असायला हवं.

म्हणून पोर्टफोलिओत पहिलं काम हेच. मांडताना शेवटचा देखणा स्क्रीन आधी टाकू नकोस. आधी मागच्या गर्दीचा फोटो, मग पोस्टर, मग शीट, पांढऱ्यावर न दिसणारा पहिला प्रयत्न, मग काळ्या-पिवळ्याचा, मग अध्यक्षांनंतरचा अर्धा स्क्रीन. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, का बदललं ते. दुसरं काम मंडळाच्या एलईडी वॉलचं घे, पण एकच घे, ज्यात मिरवणुकीत गाडी हलत असताना काय दिसतं याचा विचार केला असशील ते. तिसरं पी-फाइव्हचं आवाजावर हलणारं. वाढदिवसाचे फलक दाखवायचेच तर एक मस्त कल्पना सुचते: एकाच 'दादां'चे लागोपाठच्या वर्षांचे फलक शेजारी शेजारी लाव आणि काय बदललं, काय नाही, लोकांना तेच का हवं असतं यावर लिही. चेहरे आणि नावं मात्र झाक, नाहीतर पुढच्या वर्षी दुकानावर मोर्चा यायचा. अॅपचं रीडिझाइन काढून टाक. ते वाईट असतं म्हणून म्हणत नाही, पण त्या कंपनीतला कुठलाही आकडा, कुठलीही अडचण तुला ठाऊक नाही. मुलाखतीत 'हे बटण इथे का' विचारलं की संपलं.

आता कुठे अर्ज करायचा. नावांनी फसू नकोस, तिथली मुलं शेवटच्या वर्षी काय करतात ते बघ. संस्थांच्या साइटवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प असतात, रोज रात्री दोन वाच. आयडीसीतलं अॅनिमेशन म्हणजे फिल्म: गोष्ट, पात्रं, स्टोरीबोर्ड. तुला गोष्ट सांगायचा ध्यास दिसत नाही, निदान तू लिहिलेल्यात तरी नाही. कम्युनिकेशन डिझाइनमध्ये अक्षर, छपाई, माहितीची मांडणी हे सगळं येतं. तुझी श्रीलिपीची कटकट त्या बाजूची. (अवांतर: विंडोजमधला मंगल फॉण्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवत. देवनागरी संगणकावर कशी बसवायची, यावर त्या आवारात खूप काम झालंय. तुला त्यात रस असेल तर तोही रस्ता आहे.) इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे माणसं एखादी वस्तू किंवा स्क्रीन वापरताना कुठे अडतात ते बघणं, त्यांच्याशी बोलणं, कच्चा नमुना करून परत त्यांच्याच हातात देणं. गांधीनगरचं न्यू मीडिया सेन्सर, कोड, जागा यांच्याशी खेळणारं. कॅमेऱ्यासमोर हात हलवल्यावर उडणारे ठिपके तिकडचे. एनआयडीच्याच बंगळुरूच्या आवारात इंटरॅक्शन, इन्फर्मेशन आणि डिजिटल गेम डिझाइन आहे, तेही बघून ठेव.

तुझा कल मला मैदानाकडे दिसतो, ठिपक्यांकडे कमी. म्हणून पहिलं इंटरॅक्शन, दुसरं न्यू मीडिया. पण हे मी चार परिच्छेद वाचून सांगतेय, शेवटी तूच ठरव.

परीक्षांचं. या दोन वेगळ्या आहेत आणि दोन्हींचे अर्ज वेगळे, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आयडीसीला सीईईडी लागते. ती आयआयटी मुंबईच घेते, अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, परीक्षा जानेवारीत. तीन तास एका दमात: पहिला तास भाग अ, संगणकावर, त्यात आकृत्या डोळ्यांसमोर फिरवणं, तर्क, निरीक्षण, आजूबाजूचं भान. मग दोन तास भाग ब, हाताने चित्र काढून आणि लिहून. भाग अ चाळणी आहे. त्यातून पार झालास तरच ब तपासतात. पण अंतिम गुणांत अ चे वजन २५ टक्के आणि ब चे ७५. बीएफएवाली मुलं ब च्या जोरावर निर्धास्त राहतात आणि अ मध्येच गळतात. तेव्हा रोज थोडं तर्काचं आणि आकृत्यांचं कर, चित्र तुझा हात काढेलच. सराव म्हणून पाळण्यात बसून जत्रा कशी दिसेल, रसवंतीच्या चरकाच्या आतून काय दिसेल, असं डोक्यातून काढत जा. समोर बघून काढायची सवय असते आपल्याला, तिथे समोर काही नसतं.

गुण एक वर्षच चालतात. वयाची अट नाही, कितीदाही बसता येतं, त्यामुळे २६ वगैरे डोक्यातून काढ. आणि सीईईडी पास म्हणजे प्रवेश नव्हे. निकालानंतर संस्थांकडे वेगळा अर्ज, मग त्यांची स्वतःची चाचणी आणि मुलाखत. तेच गुण गुवाहाटी, दिल्ली, हैदराबाद, कानपूर, रुरकी इथल्या आयआयटींच्या डिझाइन विभागांनाही चालतात, आणि जबलपूरच्या ट्रिपलआयटीलाही. सीईईडीला बसायला तीन वर्षांची पदवी पुरते, पण प्रवेशाची अट प्रत्येक संस्थेची निराळी असते, तिथे तुझ्या चार वर्षांच्या बीएफएचा फायदा होईल. एनआयडीची परीक्षा पूर्ण वेगळी: आधी प्रिलिम्स, मग मेन्समध्ये स्टुडिओ टेस्ट आणि मुलाखत.

इंग्रजीचं. माझी मुलाखत झाली तेव्हा मी एका जागी अडले, सरळ विचारलं हिंदीत बोलू का, पुढचं हिंदीत झालं. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही सांगत. पण स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना माणूस कमी अडतो, हे मात्र पाहिलंय. मैदानाची हकीकत इंग्रजीत मोठ्याने सांगायचा सराव कर, कुणाला तरी समोर बसवून.

दादरचा_काका

तिरकी_रेघ यांनी चांगलं लिहिलंय, पण आमच्यासारख्यांचीही एक बाजू ऐका. मी व्हिडिओ आणि वेबचा लहान स्टुडिओ चालवतो, बरीच वर्षं. डिग्री न विचारता माणसं घेतली आणि त्यातली बरीच उत्तम निघाली.

एके काळी आमच्याकडे अर्धी टेबलं फ्लॅशवाल्यांची होती, म्हणजे वेबसाठी हलती चित्रं करायच्या अॅडोबीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची. बॅनर फ्लॅशमध्ये, आख्ख्या वेबसाइट फ्लॅशमध्ये, मुलांचे गेम फ्लॅशमध्ये. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने फ्लॅश प्लेअर कायमचा बंद केला. खरं तर फोनने तो त्याच्या कितीतरी आधी मारला होता. जी पोरं 'मला फ्लॅश येतं' म्हणत आली होती ती मागे पडली. ज्यांना हालचाल कळत होती, चेंडू आपटल्यावर किती चपटा होतो, डोळा कुठे जातो हे कळत होतं, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आठवड्यात कामाला लागली. म्हणून वर्षभराच्या डिप्लोमावाल्यांच्या जाहिरातीत बारा सॉफ्टवेअरची चिन्हं बघून कुणी लाखो रुपये भरतो तेव्हा मला राग येतो. एआयने तर आता चिन्हं सहा महिन्यांनी बदलतात.

तुला दोन वर्षं शांतपणे विचार करायला, चुकायला, बरोबरच्या हुशार पोरांशी भांडायला जागा हवी असेल तर मास्टर्स जरूर कर. नुसती फ्लेक्समधून सुटका हवी असेल तर पुण्या-मुंबईत नोकरी बघ, मैदानाचा स्क्रीन दाखव, मी तरी लगेच बोलावलं असतं. आणि मामांना आधी सांग. गणपतीच्या तोंडावर सांगू नकोस.

घरच्या खर्चाचं म्हणशील तर आयआयटीसारख्या संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार न मागता शैक्षणिक कर्ज मिळतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये ती योजना मंजूर झाली. बँकेतला माणूस माहीत नाही म्हणाला तर पोर्टलवरूनच अर्ज टाक.

वेझरकाठ

जर्मनीचं मी सांगतो, ब्रेमेनला आहे. मूळचा नाशिकचा.

फुकट हा शब्द अर्धा खरा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टर १५०० युरो आहेत. बाकी ठिकाणी सेमिस्टरचं काहीशे युरोंचं योगदान भरायचं, त्यात बहुतेकदा प्रवासाचा पासही येतो. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, तिथून महिन्याला ९९२ काढता येतात. हा आकडा अधूनमधून वाढतो, अर्ज करताना दूतावासाच्या साइटवर बघ. कन्सल्टंट ही रक्कम सहसा शेवटी सांगतात.

दुसरं, एपीएस प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. फी १८,००० रुपये. पदवीची आणि गुणपत्रिकांची तपासणी होते, वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या आधीच हे काम सुरू करायचं. हे सगळं स्वतः करता येतं, त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

आता अभ्यासक्रम. इथे डिजिटल मीडियाचा मास्टर्स ब्रेमेन विद्यापीठ आणि ब्रेमेनचं कला विद्यापीठ मिळून चालवतात, इंग्रजीतून. विद्यापीठाकडची बाजू संगणकशास्त्राची, कला विद्यापीठाकडची डिझाइनची. तुझं बीएफए बघता तुला कला विद्यापीठाच्या बाजूने यावं लागेल, आणि तिथे पोर्टफोलिओच सगळं ठरवतो. त्यांची इमारत जुन्या बंदरातलं लांबच लांब गोदाम आहे, स्पायशर एल्फ म्हणतात. आत कुणी कापड विणतंय त्याला सेन्सर लावतंय, कुणी आवाजाची खोली करतंय. तुला ते आवडेल. पण नोकरीकडे नजर असेल तर एक लक्षात घे: अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी लहान स्टुडिओत मीटिंग जर्मनमध्येच होते. मी जर्मनची बी१ (मधली) पातळी करून आलो तरी पहिलं वर्ष मान डोलावण्यात गेलं. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्या १८ महिन्यांत जर्मन येत असणारा आणि न येणारा यांच्यात फार फरक पडतो.

शिष्यवृत्तीचंही लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्यात विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत २०० च्या आत असण्याची अट आहे, ब्रेमेन त्यात बसत नाही. त्यामुळे ज्याला ती मिळू शकते त्याने आधी यादी बघून मग विद्यापीठ निवडावं. नियम दरवर्षीच्या जाहिरातीत वाचावेत.

गंगावेशीतला

सगळ्यांना दंडवत. तिरकी_रेघताई, तुमचं वाचून क्लासवाल्यांचा ग्रुप म्यूट केला. काका, मामांना काल सांगितलं. 'मग दुकानाचा स्क्रीन कोण करणार' एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. म्हणजे हो समजायचं.

जर्मनी यंदा नको असं ठरवलंय. वेझरकाठ, तुमच्यामुळे कन्सल्टंटचा पहिला हप्ता वाचला.

सीईईडी आणि एनआयडी दोन्ही देणार. आता उद्देशपत्र लिहायला बसलोय, आधी मराठीत लिहितो मग इंग्रजीत करेन. पहिला परिच्छेद असा झालाय:

"लहानपणापासूनच मला चित्रकलेची आवड होती. आजच्या डिजिटल युगात कला आणि तंत्रज्ञान यांचा संगम मला सतत खुणावत असतो. आपल्या नामांकित संस्थेत शिक्षण घेऊन समाजासाठी काहीतरी करण्याची माझी मनापासून इच्छा आहे."

ठीक वाटतं का?

तिरकी_रेघ

नाही रे. हा परिच्छेद कुणीही कुणाच्याही नावाने पाठवू शकतो. यात कोल्हापूर नाही, दुकान नाही, तू नाहीस. तुझ्या प्रतिसादातूनच उचलून मी एक करून बघितला:

"आमच्या गावच्या कुस्ती मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला आखाड्यात कोण उतरलंय ते कळत नाही. कमिटीने भाड्याने आणलेल्या एलईडी स्क्रीनवर मी चालू कुस्तीची नावं दाखवायची सोय केली. नावं दिसली, पण वर कुणाचं नाव यावरून दोन तालमींत वाद झाला. स्क्रीनवरची जागा म्हणजे मान असतो हे मला त्या दिवशी कळलं. गर्दीसाठी, आवाजात आणि उन्हात चालणाऱ्या अशा पडद्यांवर मला दोन वर्षं काम करायचं आहे."

जसाच्या तसा वापरू नकोस, तुझ्या भाषेत लिही. माझं मराठी जरा पुणेरी झालंय, मुलाखत घेणाऱ्यांना लगेच कळेल की हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. पुढच्या परिच्छेदात काय येत नाही तेही लिही. लोकांशी बोलून पद्धतशीर नोंदी घेणं तू अजून केलेलं नाहीस, ते शिकायचंय असं सरळ म्हण. 'नामांकित' आणि 'समाजासाठी' हे दोन्ही शब्द खोड. एनआयडीला पाठवताना शेवट बदल. तिथे सेन्सरचं काय करायचंय ते लिही, म्हणजे उदाहरणार्थ निवेदकाच्या आवाजावरूनच नाव स्क्रीनवर येईल का, असं काहीतरी. तुझ्या पी-फाइव्हच्या आवाजाच्या प्रयोगाशी ते जुळतंय.

आणि फोटोंचं. मैदानाचे फोटो कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घेतलेस तर दाबून बारीक झालेले मिळतील, ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल माग. स्क्रीन चालू असतानाचा कुणाचा मोबाइल व्हिडिओ असेल तर हलगी आणि निवेदकाचा आवाज ठेवून दीड मिनिटाच्या आत काप. वर संगीत टाकू नकोस. नसेलच व्हिडिओ, तर यंदाच्या जत्रेत परत कर, आणि या वेळी शेवटच्या ट्रॉलीवर एका पोराला फोन देऊन उभं कर, तिथून कसं दिसतं ते घ्यायला.